वादळाचा इशारा, साथीची चाहूल : गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं पंच, मुख्याध्यापक, सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि पावसाळ्यात गावच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी मेसेज टाकणारी मंडळी यांच्यासाठी आहेत. प्रश्न बैठकांत विचारले जातात तसेच ठेवले आहेत. त्यांना सरकारी वळण लावलं असतं तर उत्तरंही सरकारीच झाली असती.

वादळ हवामान खात्याचं काम, साथ आरोग्य खात्याचं. दोन्हींची सांगड कशाला घालायची?

मे २०२१ आठवून पाहा. महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात कोविडसाठी तपासलेल्या दर दोन नमुन्यांमागे जवळपास एक पॉझिटिव्ह येत होता. ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर होता. आणि त्याच दिवसांत, १५ आणि १६ मे रोजी, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब पडले, राज्याच्या मोठ्या भागात अंधार झाला. घरी विलगीकरणात असलेल्या माणसाचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. मोबाइलची बॅटरी संपली की डॉक्टरला फोनही लागत नाही, आणि रस्त्यावर माड आडवा पडला की १०८ ची रुग्णवाहिका पोचत नाही. वादळाने साथ आणली नव्हती, पण दोघांचा तडाखा एकाच घराला बसला.

पुढे २३ जुलैला म्हादईला पूर आला. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. सत्तरी, डिचोलीतल्या घरांत पाणी शिरलं, आणि हलवलेल्या माणसांना एका खोलीत किती दाटीने बसवायचं हा प्रश्न कोविडमुळे आणखी अवघड होऊन बसला.

बाहेरही हेच दिसतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार म्हणून मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातले रुग्ण दुसरीकडे न्यावे लागले. केरळात २०१८ च्या मे महिन्यात निपाह, ऑगस्टमध्ये महापूर आणि पुरापाठोपाठ लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. सगळं एकाच वर्षात, त्याच आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खांद्यावर.

आज या दोन यंत्रणा कशा चालतात?

हवामानाची बाजू बऱ्यापैकी बसलेली आहे. हवामान खात्याचं केंद्र पणजीत आल्तिनोवर आहे, डॉप्लर रडार आहे. उंच लाटा, उधाण आणि सुनामीचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. इशारा राज्याच्या आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात येतो, तिथून मामलेदार, पंचायत, अग्निशामक दल, मच्छीमार अशी साखळी सुरू होते.

रोगांसाठी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, २००४ पासून. उपकेंद्र, आरोग्य केंद्र, इस्पितळ आणि प्रयोगशाळा इथून ताप, जुलाब, कावीळ, डेंग्यू वगैरेंच्या रुग्णांचे आकडे जातात. आधी आठवड्याला कागद जायचा, आता केंद्राच्या आयएचआयपी या आरोग्य पोर्टलवर रोजच्या रोज भरता येतं. नोंद वर जाते, पण फिरून गावात येत नाही. पंचायतीला काल किती मिलिमीटर पाऊस पडला ते कळतं, काल आपल्या गावातले किती तापाचे रुग्ण आरोग्य केंद्रात गेले ते कळत नाही.

या दोन यंत्रणा जोडायला नवा कायदा लागेल का?

नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य. म्हणजे कागदावर दोघं एकाच टेबलाशी बसलेले आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी २००८ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मार्च २०२० मधली टाळेबंदीही याच २००५ च्या कायद्याखाली आली, आणि त्याआधी १४ मार्चला केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता यावी म्हणून कोविडला आपत्ती मानलं. शिवाय १८९७ चा साथरोग कायदा आहे आणि गोव्याचा स्वतःचा १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. कायद्यांची टंचाई नाही. टेबलाशी बसलेली माणसं मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत एकमेकांशी काय बोलतात, ते बघावं लागेल. बहुतेक वेळ गटारं आणि झाडांच्या फांद्यांवर जातो. तेही लागतंच, पण तेवढ्यावर बैठक संपते.

मग नेमकं जोडायचं काय?

वादळाची बातमी वरून खाली येते : उपग्रह, रडार, पणजी, मामलेदार, पंचायत आणि शेवटी किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणकार. साथीची बातमी उलट्या दिशेने चालते. वाड्यावर तीन घरांत ताप, मग फार्मसीत पॅरासिटामोलचा वाढलेला खप, मग आरोग्य केंद्र, मग जिल्हा, आणि गरज पडली तर नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. ज्या पंचायतीने वादळात इशारा ऐकून पुढे सांगायचा, तिनेच साथीत सगळ्यांआधी तोंड उघडायचं असतं. आपली आपत्ती यंत्रणा सांगायला शिकली आहे, ऐकून घ्यायला अजून शिकायची आहे. घोडं इथेच पेंड खातं.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. नियंत्रण कक्षाच्या रोजच्या अहवालात पावसाच्या आकड्याशेजारी तापाचा आणि जुलाबाचा रकाना हवा. नारिंगी इशारा निघाला की त्याच दिवशी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला फोन गेला पाहिजे, पूर ओसरल्यावर नव्हे. आणि गावातून वर बोलायला एक नंबर असावा, जो सुट्टीच्या दिवशीही उचलला जातो. नवं अॅप नको. अॅपं पुष्कळ झाली, उघडतं कोण?

पिवळा, नारिंगी, लाल… याचा आजाराशी काय संबंध?

आधी आकडे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार, असं हवामान खातं मोजतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कामाला लागा. चक्रीवादळ असेल तर किनाऱ्यावरच्या खराब हवामानाची साधारण ४८ तास आधी दक्षतेची आणि २४ तास आधी धोक्याची सूचना येते.

आता खरी गंमत. पुराची तारीख कळली की पुढच्या दीड-दोन महिन्यांच्या आजारांच्या तारखा ढोबळमानाने मांडता येतात, कारण प्रत्येक जंतूला माणसाला आजारी पाडायला लागणारा वेळ ठरलेला आहे. समजा १० जुलैला तुमच्या वाड्यात पाणी शिरलं आणि १३ ला ओसरलं. जुलाब-वांत्या लगेच, त्याच आठवड्यात. लेप्टोचा ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, म्हणजे १५ जुलै ते महिनाअखेर डोळ्यांत तेल घालून बघायचं. कधी तो ३० दिवसांनीही येतो. डेंग्यूचं गणित थोडं लांबचं आहे. जोराचा पूर डासांच्या अळ्या वाहून नेतो, पण मागे राहिलेल्या डबक्यांत, टायरांत, ताडपत्रीच्या खोलग्यांत नवे डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस. डास रुग्णाला चावल्यावर विषाणू त्याच्या अंगात मुरायला आणखी तेवढेच. मग माणसात ४ ते १० दिवस. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून. कावीळ सगळ्यांत शेवटी, ऑगस्टभर आणि कधी सप्टेंबरपर्यंत रेंगाळते. तोवर पूर कुणाच्या लक्षातही नसतो. सगळे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तयारीत.

हे वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर लिहायला एक खडू पुरतो.

लेप्टोबद्दल दरवर्षी सांगतात. नवीन काय?

नवीन काही नाही, म्हणूनच लोक ऐकत नाहीत. उंदीर, घुशी आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो जिवाणू पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून आत शिरतो. भातशेतीत उतरणारे, गटारं साफ करणारे, पूर ओसरल्यावर घरातला गाळ अनवाणी काढणारे, यांना धोका जास्त. गमबूट घाला. पाण्यात उतरल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरला ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आपणहून सांगा. या एका वाक्याने रोगाचं निदान लवकर होऊ शकतं. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीन आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यायची. गरोदर बाया आणि लहान मुलांच्या बाबतीत तर शेजाऱ्याकडची उरलेली गोळी अजिबात नको.

विहिरीत पुराचं पाणी गेलं. ब्लीचिंग पावडर किती टाकायची?

मूठभर, असं उत्तर सगळीकडे मिळतं. हिशेब करून बघू. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर ३.१४ × ३ × ३ × ४ भागिले ४, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर पाणी. चांगली, ताजी पावडर असेल तर नेहमीचं प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी घ्यायचं, चुना खाली राहू द्यायचा, बादली पाण्याखाली सोडून हलवायची आणि निदान तासभर विहीर वापरायची नाही.

पण हे नेहमीच्या विहिरीचं प्रमाण झालं. पुराचं गढूळ पाणी शिरलेल्या विहिरीला ते पुरत नाही. आधी उपसा करावा लागतो, मग जास्त मात्रा, आणि ती आरोग्य कर्मचाऱ्याने क्लोरोस्कोपने (पाण्यातला क्लोरीन मोजायच्या संचाने) तपासून ठरवायची. तपासणीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. तोवर पाणी उकळूनच. खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांजवळच्या) वाड्यांत बांध फुटून किंवा मानशीचं, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार निकामी होऊन खारं पाणी विहिरीत आलं असेल तर पावडरीने खारटपणा जात नाही, टँकरच मागवावा लागतो. आणि गेल्या वर्षीची उघड्या पिशवीतली पावडर फेकून द्या. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

सत्तरीतल्या माकडतापाला ‘पूर्वसूचना’ कशी असणार?

आहे, आणि कुठल्याही रडारपेक्षा जुनी आहे : रानात मरून पडलेलं माकड. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीच्या पाली गावात उद्रेक झाला, आणि शेजारच्या सिंधुदुर्गातही तो पोचला आहे. माणसाला तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. पाला झाडणं, बोंडू गोळा करणं, सरपण आणणं, ही सगळी कामं गोचिडीच्या उंचीवरचीच.

मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात. म्हणून हात लावायचा नाही, पुरायलाही जायचं नाही. जागा लक्षात ठेवून वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. ते नमुना घेतात, आजूबाजूला औषध मारतात, आणि त्या भागात रानात जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल देतात. रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करायची, कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे.

पूर्वसूचनेच्या सगळ्या चर्चेत मला हे उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. काजूच्या बागेत काम करणाऱ्या बाईने ‘थंय माकड मेलां’ म्हणून सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं, तर माणसांतला पहिला रुग्ण सापडण्याआधी काही दिवस हातात मिळतात. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य अशा तीन खात्यांनी त्या एका फोनवर हलायचं असतं. तो फोन कुठे करायचा हे तिला माहीत आहे का, एवढंच तपासा. बाकी कार्यशाळा नंतर.

वादळाचा इशारा आला तर इस्पितळाने वेगळं काय करायचं?

विजेचा विचार आधी. ऑक्सिजन तीन तऱ्हांनी मिळतो आणि तिन्हींचं विजेशी नातं वेगळं आहे. हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लँट वीज गेली की थांबतो. द्रव ऑक्सिजनच्या टाकीला वीज फारशी लागत नाही, पण टँकर यायला रस्ता मोकळा लागतो. सिलिंडरला दोन्ही लागत नाही, पण तो पुरतो किती? मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास जातो. मिनिटाला ६० लिटरच्या हाय फ्लोवर असलेल्या रुग्णाला दोन तासही पुरत नाही. वॉर्डात असे किती रुग्ण आहेत याने गुणा आणि जनरेटरच्या डिझेलशी ताडून पाहा. हा हिशेब इशाऱ्याच्या ४८ तासांच्या टप्प्यावर करायचा असतो, कारण २४ तासांच्या टप्प्यावर टँकरवाला घाटात अडकलेला असू शकतो. चोर्ला काय किंवा अनमोड काय, पावसात दरड कोसळली की रस्ता बंद.

डायलिसिसचे रुग्ण, आठ-पंधरा दिवसांत बाळंत होणाऱ्या बाया, घरी कॉन्सन्ट्रेटरवर असलेले वृद्ध यांची यादी आरोग्य केंद्राकडे असते किंवा सहज होऊ शकते. ती वीज खात्याच्या आणि अग्निशामक दलाच्या हाती असेल तर कुठला फीडर आधी चालू करायचा आणि कुठला रस्ता आधी मोकळा करायचा हे वादावादी न करता ठरतं. लसींच्या फ्रीजचंही तेच : दार उघडायचं नाही, तापमानाची नोंद ठेवायची, कुठल्या केंद्राकडे जनरेटर आहे ते आधीच ठरवून ठेवायचं.

साथ चालू असताना निवाऱ्यात लोकांना ठेवायचं कसं?

निवारा टाळायचा नाही, हे आधी. बुडण्याचा धोका आज आहे, संसर्गाचा पुढच्या आठवड्यात. मे २०२० मध्ये अम्फानच्या वेळी ओडिशा आणि पश्चिम बंगालने कोविड असतानाच लाखो लोक हलवले. जास्त इमारती उघडल्या आणि एकेका ठिकाणी कमी माणसं ठेवली.

गोव्यात निवारा म्हणजे बहुधा सरकारी शाळा, पंचायत सभागृह, नाहीतर देवळाचा किंवा चर्चचा हॉल. मे महिन्यात जाऊन बघायच्या गोष्टी : खिडक्या उघडतात का (रंगाने चिकटून बसलेल्या असतात), संडास किती, पाणी कुठून, आणि खोकणाऱ्या-तापणाऱ्यांसाठी वेगळ्या दाराची एक खोली निघते का. शाळा असेल तर वर्ग वेगवेगळे, त्यामुळे सभागृहापेक्षा शाळा बरी. दारात नावाबरोबर ताप, जुलाब, चालू औषधं एवढे तीन प्रश्न विचारून लिहून ठेवले तर चौथ्या दिवशी कुणी आजारी पडलं की शोधाशोध करावी लागत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या घरीच राहिलेली माणसं प्रत्येक निवाऱ्यात सापडतात. तेवढा साठा तरी आरोग्य केंद्राने पाठवावा.

पर्यटकांचं काय? ते तर चार दिवसांत जातात.

अडचण तीच आहे. चार दिवस राहिलेला माणूस इथे संसर्ग घेऊन दिल्लीत किंवा मॉस्कोत आजारी पडतो, आणि गोव्याच्या आकड्यांत तो दिसतच नाही. उलटही होतं. दाबोळी, मोपा आणि मुरगाव बंदर या तिन्ही दारांवर बाहेरून येणाऱ्यांची तपासणी गरजेप्रमाणे होते, पण ताप मोजणाऱ्या यंत्राला अजून ताप न आलेला माणूस सापडत नाही. म्हणून हॉटेलं आणि गेस्ट हाउसांनी, एकाच आठवड्यात तीन-चार पाहुण्यांना एकसारखा त्रास झाला, तर आरोग्य केंद्राला कळवायची सवय लावून घ्यावी. धंदा बसेल ही भीती खोटी नाही. म्हणून नाव जाहीर होणार नाही ही हमी सरकारने आधी द्यायला हवी.

डिसेंबरातली जुन्या गोव्याची फेस्त, शिगमो, मोठे संगीत महोत्सव, या गर्दीच्या दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रांचे आकडे आठवड्याला न बघता रोज बघावेत. जुन्या गोव्याला याची आठवण वेगळी करून द्यायला नको. पटकी आणि तापांच्या साथींनीच ती राजधानी रिकामी केली आणि सत्ता नदीकाठाने सरकत पणजीला आली.

इशारे कोणत्या भाषेत द्यायचे?

कोकणी आणि मराठीत तर द्यायचेच. पण कुटबणच्या मासेमारी जेटीवर ट्रॉलरवर काम करणारा ओडिशाचा किंवा झारखंडचा असतो, बांधकामावरचा कर्नाटक, बिहार, बंगालचा. वादळात सगळ्यांत उघड्यावर तोच, पत्र्याच्या खोलीत दहा जण राहतात म्हणून साथीतही सगळ्यांत आधी तोच. गोव्यात बांधकाम कामगारांची मलेरियासाठी रक्ततपासणी करून हेल्थ कार्ड देण्याची पद्धत जुनी आहे. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचायची वाट तयार आहे. तीच वापरून कन्नड, हिंदी, ओडिया, बंगालीत आवाजी मेसेज पाठवता येईल. ठेकेदाराच्या मुकादमाला ग्रुपमध्ये घ्या. तो पंचापेक्षा लवकर पोचतो.

मोबाइल जोरात किंचाळतो तो सरकारी मेसेज साथीसाठीही वापरावा का?

क्वचितच. ठरावीक टॉवरांखालच्या सगळ्या फोनांवर एकदम पोचणारा तो मेसेज ‘आत्ता जागा सोडा’ अशा वेळेसाठी आहे. साथ दिवसेंदिवस चालते, रोज कोण किंचाळणार? दुसऱ्या आठवड्यात लोक सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करतील आणि खऱ्या पुराच्या रात्री फोन गप्प राहील. पाणी विषारी झालं, वायुगळती झाली, तर वापरावा. रोजच्या सूचनांसाठी राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरणाचं ‘सचेत’ अॅप, रेडिओ आणि माणसाने माणसाला सांगणं बरं. किनाऱ्यावरच्या भोंग्यांनाही हेच लागू : त्यांचा अर्थ एकच ठेवावा, समुद्रापासून लांब जा.

तिळारीचं पाणी सोडलं की पेडणे, डिचोली, बार्देशात पूर. साथीतही सीमेचा असा प्रश्न येतो का?

येतो, अगदी तसाच. धरण महाराष्ट्रात दोडामार्गला, पाणी गोव्यातल्या शापोरा नदीला. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर भागाने त्याचा अनुभव घेतला. रोगही तिथून इथे आणि इथून तिथे जातो. सिंधुदुर्ग, कारवारचे रुग्ण बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येतात, त्यामुळे दोडामार्गच्या वाडीतली साथ कधी कधी आधी पणजीला कळते आणि मग ओरोसला, सिंधुदुर्गाच्या जिल्हा मुख्यालयाला. पाणी सोडण्याआधी अभियंत्याने अभियंत्याला फोन करायचा असतो, तसाच साथीत आरोग्य अधिकाऱ्याने पलीकडच्या आरोग्य अधिकाऱ्याला करावा. मुंबई-पुण्याहून फिरून येणाऱ्या पत्राची वाट बघू नये.

रुग्णाचं नाव ग्रुपवर टाकलं तर सगळे सावध होतील ना?

सगळे लपवायला शिकतील. २०२० मध्ये देशात ठिकठिकाणी हेच झालं : नावं फिरली, दारावर स्टिकर लागले, आणि लोक तपासणीच टाळू लागले. वाड्याचं नाव आणि आकडा पुरतो.

जागतिक पातळीवर काय चाललंय? आम्हाला त्याचा उपयोग?

थोडक्यात : आपत्तींची जोखीम कमी करण्याच्या २०१५ ते २०३० साठीच्या जागतिक सेंदाई आराखड्यात जैविक धोके आपत्तींच्या यादीत आहेत. सर्वांपर्यंत पूर्वसूचना पोचवायची संयुक्त राष्ट्रांची मोहीम २०२७ अखेरपर्यंतची आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार स्वीकारला. पंचायतीला त्याचा थेट उपयोग नाही, निधीचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला आहे. शिवाय राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा जोखीम कमी करण्यासाठी वेगळा ठेवलेला असतो. निवाऱ्याचे संडास, विहिरींचे कठडे यांसारखी कामं त्याच भाषेत मांडून पाहावीत.

आम्ही मॉक ड्रिल करतो. त्यात काय बदलू?

दोर, होडी, स्ट्रेचर झालं की तालमीत एक ताप घाला. हलवलेल्या चाळीस जणांतले पाच जण तिसऱ्या दिवशी तापाने फणफणले, असं समजा. कोण कुणाला फोन करतं, नमुना कुठे जातो, गाडी कुणाची, बाकीच्या पस्तीस जणांचं काय? पहिल्या खेपेला बहुधा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

चवथीला घरी गावी जातो. बंद घराबद्दल काही?

हे कुणीच विचारत नाही, म्हणून मुद्दाम घेतलं. वर्षभर बंद असलेलं घर पावसाळ्याच्या शेवटी उघडतं आणि पणजी-वास्कोची माणसं एकदम गावात येतात. घर उघडण्याआधी कुणाला तरी पाठवून गच्चीवरच्या टाकीचं झाकण, परसातल्या डोणी, फुटके माठ, न्हाणीतली बादली बघून घ्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याला तुमच्या आजीचं न्हाणीतलं भाणसुद्धा चालतं. कुणाला ताप असेल तर आरतीला त्याने मास्क लावावा, आणि घरातल्या वयस्कांपासून दूर बसावं.

कोणता नंबर कधी?

जिवावर बेतलं असेल तर ११२. रुग्णवाहिका १०८. पाणी शिरलं, झाड पडलं, दरड आली, तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, आणि तिथे लागला नाही तर राज्याचा १०७०. वाड्यावर एकसारखा ताप किंवा जुलाब, मेलेली माकडं, एकदम मरू लागलेल्या कोंबड्या, यासाठी तुमच्या आरोग्य केंद्राचा थेट नंबर. तो आजच मिळवून पंचायतीच्या दारावर रंगाने लिहा. कागद पावसात टिकत नाही.